रूप आणि गुण
देखणी मुलगी अभ्यासात कच्ची असावयाचीच, हा विद्यार्थिवर्गातील जुना सिद्धान्त. लँडी व सिगॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ च्या प्रयोगात मात्र उलटच आढळले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे निबंध ठेवले, सोबत लेखिकेचे म्हणून छायाचित्र. रूपवतीचा निबंध सरस ठरला. आणि लेखन सुमार असता तर रूपाचे साह्य विशेषच! परीक्षक सारे तरुण पुरुष होते. तेव्हा यावरून अखिल मनुष्यस्वभावाचा निर्णय करणे आम्हांस मान्य नाही. पण हा आक्षेप घेताना आमचीच लेखणी अडखळते. तोंडी परीक्षेत प्रसन्न चेहऱ्याच्या मुलाला चुकल्यावर आम्ही सोपा प्रश्न विचारला. त्याच्यामागून आलेल्या कुरूप, चाचरणाऱ्या मुलाला ‘पुरे’ म्हटले. त्याला उत्तर येत होते की नाही, हे आम्ही विचारलेच नाही.