निर्मनुष्य दरीचा राजा

आज पडद्यावर एकच चित्र लावलंय, आणि व्याख्यान संपेपर्यंत तेच राहणार आहे. मागच्या रांगेतल्यांना दिसतंय ना? बरं.

चित्र आहे एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकाराचं, १८५१ सालचं. नाव ‘द मोनार्क ऑफ द ग्लेन’. ग्लेन म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली, म्हणजे हायलँड्समधली, अरुंद दरी. त्या दरीचा हा सम्राट. रेड डिअर जातीचा नर, आपल्या सांबराचा दूरचा भाऊबंद. मान उंचावलेली, नजर आपल्याकडे नाही, आपल्या पलीकडे कुठेतरी. मागे धुक्यात विरघळणारे डोंगर. बाकी चित्रात कुणी नाही. हे ‘कुणी नाही’ लक्षात ठेवा, आज आम्हाला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी एक कबुली देतो. सौंदर्यशास्त्राच्या वर्गात आम्ही हे चित्र कितीतरी वर्षं दाखवलं. ‘उदात्त’ शिकवायचं झालं की हेच. एका वर्षी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. कोयनेच्या धरणात गाव गेलेल्या घरातला होता. म्हणाला, “सर, एवढी मोठी दरी, तिथे माणसं राहत नव्हती का?” वर्ग हसला. आम्हीही हसलो, वाईट याचं वाटतं. त्याला सांगितलं, “हा इतिहासाचा प्रश्न झाला. आपण इथे सौंदर्याचा विचार करतोय.” तो बसला. पुन्हा त्याने काही विचारलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. उशिरा देतोय, पण देतोय.

आता आम्ही त्याला जे ऐकवलं, त्याला आधार होता बरं का. तोही साधासुधा नव्हे, खुद्द कान्टचा! १७९०च्या आपल्या ग्रंथात सौंदर्याच्या निवाड्याबद्दल लिहिताना कान्ट राजवाड्याचं उदाहरण घेतो. समोर राजवाडा आहे, तो सुंदर आहे का असं कुणी विचारलं, तर रूसोसारखं म्हणता येईल की बड्यांच्या पोकळ हौसेपायी हा लोकांचा घाम वाया गेला आहे. कान्ट म्हणतो, मान्य, पण विचारलं होतं ते हे नव्हे. नुसत्या दिसण्याने आनंद होतो की नाही, एवढंच विचारलं होतं. त्या आनंदात कुठला हितसंबंध नको. आम्ही त्या मुलाला रूसोच्या रांगेत बसवलं आणि पुढचं पान उलटलं.

हे बरोबर होतं का? उत्तर चित्रातच शोधावं लागेल, म्हणून आधी चित्राची जन्मकथा.

हे चित्र काढलं गेलं ते लंडनच्या संसदभवनासाठी. लॉर्ड्स सभागृहाच्या उपाहारगृहात लावायच्या तीन चित्रांपैकी एक. म्हणजे उमरावांनी जेवता जेवता बघायचं. पण कॉमन्स सभागृहाने ठरलेले १५० पौंड द्यायचं नाकारलं आणि चित्र खाजगी मालकाकडे गेलं. पुढे १९१६ साली ते पिअर्स साबणवाल्यांनी घेतलं, जाहिरातीत वापरलं. मग ते व्हिस्कीच्या धंद्यात गेलं आणि बाटल्यांवरून जगभर फिरलं. शेवटी २०१७ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने ४० लाख पौंड उभे करून ते घेतलं. उपाहारगृह, साबण, व्हिस्की आणि मग राष्ट्राचा वारसा. आमच्या मते हा क्रम गंमत म्हणून सोडून देण्यासारखा नाही. वारसा ही वस्तू अशीच घडत जाते.

आणखी एक गंमत. शिकाऱ्यांच्या भाषेत बारा टोकांची शिंगं असलेला नर म्हणजे ‘रॉयल’. ‘मोनार्क’ म्हणवून घ्यायला सोळा टोकं लागतात. या चित्रातल्याची टोकं मोजली की भरतात बारा. तेव्हा हा सम्राट हिशेबाने सम्राट नाहीच, ती पदवी त्याला चित्राच्या नावाने दिली आहे.

आणि ती त्याच काळात का मिळाली? राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट १८४२ साली पहिल्यांदा स्कॉटलंडला गेले आणि त्या डोंगरांच्या प्रेमात पडले. १८४८ साली त्यांनी बाल्मोरल भाड्याने घेतलं, १८५२ साली विकत घेतलं, जुनं घर पाडून १८५६ पर्यंत नवा किल्लेवजा वाडा उभा केला. घरात चौकटीचं टार्टन, बाहेर हरणाची शिकार. लँडसीअर या जोडप्याचा लाडका चित्रकार. त्यांना एचिंग त्याने शिकवलं. १८५० साली त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी हे चित्र आलं.

पण ते टार्टन काय होतं? १७४६ साली कलोडनच्या माळावर हायलँडमधल्या कुळांचं बंड चिरडलं गेलं. त्यानंतर तिथल्या पुरुषांना हा पोशाख घालायला कायद्याने बंदी झाली, ती १७८२ पर्यंत टिकली. आणि १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा वॉल्टर स्कॉटने आखलेल्या सोहळ्यात तो स्वतः तोच पोशाख घालून मिरवला! ज्यांची कुळं मोडली त्यांचे कपडे मोडणाऱ्याच्या घराण्याचे उत्सवी कपडे झाले. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी १९८३ साली संपादित केलेल्या पुस्तकात अशा गोष्टींना ‘परंपरेचा शोध’ म्हटलं आहे. आमचं त्यात एवढंच म्हणणं, की शोध लावायला जागा रिकामी असावी लागते. ती रिकामी कशी झाली?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हायलँड्समधल्या जमीनदारांच्या लक्षात आलं की कुळांच्या खंडापेक्षा मेंढ्यांत पैसा जास्त आहे. मग माणसं हलवायला सुरुवात झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सदरलंडमध्ये तर पूर्ण दऱ्या उठवल्या. स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात घरांची छपरं जाळली. पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्यावर १८१६ साली खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. लोक किनाऱ्यावर गेले, शहरांत गेले, समुद्रापार कॅनडाला गेले. या प्रकाराला नाव पडलं ‘क्लिअरन्सेस’. जागा साफ करणं. पुढे लोकरीचा भाव पडला, तेव्हा मेंढ्याही हलल्या आणि लाखो एकरांवर शिकारीसाठी हरणं आली. त्या जमिनीला म्हणतात ‘डिअर फॉरेस्ट’. नाव फॉरेस्ट, पण झाड बहुतेक ठिकाणी नाही. कुळांना जमिनीवर टिकून राहण्याचा कायदेशीर हक्क मिळाला तो १८८६ साली.

“याचा आपल्याशी काय संबंध?” असं कुणी विचारेल, म्हणून सांगतो. १७९२ साली रॉसशायर परगण्यातल्या लोकांनी मेंढ्यांविरुद्ध उठाव केला, कळप हाकून परगण्याबाहेर काढायला निघाले. सैन्य बोलावून तो मोडला. पुढच्याच वर्षी, १७९३ साली, त्याच परगण्यात सीफोर्थच्या मॅकेन्झींनी ७८वी हायलँडर पलटण उभारली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी ही पलटण कुठे होती? आज जालना जिल्ह्यात असलेल्या असईच्या रणात, वेलस्लीच्या फौजेत, शिंदे आणि भोसल्यांच्या सैन्यासमोर. त्यातला अमुक शिपाई अमुक घरातून हुसकलेला होता असं आम्ही म्हणत नाही, तेवढा पुरावा आमच्या हाती नाही. पण ज्या परगण्यात माणसांपेक्षा मेंढी मोलाची ठरत होती, तिथलीच ही माणसं असईत उभी होती. पुढे ही पलटण सीफोर्थ हायलँडर्समध्ये विलीन झाली. त्यांच्या टोपीवरचा बिल्ला म्हणजे हरणाचं शिंगांसकट डोकं, आणि खाली गेलिक भाषेत ब्रीद, अर्थ ‘राजाला साहाय्य करा’. दरीतून माणूस गेला पलटणीत, आणि हरीण आलं चित्रात आणि बिल्ल्यावर.

आता लँडसीअरची बाजू मांडायला हवी, नाहीतर आम्ही फिर्यादी आणि न्यायाधीश दोन्ही होऊ. पहिलं म्हणजे, चित्रातली दरी नेमकी कुठली हे ठरलेलं नाही. इथूनच लोक काढले असा आरोप करता येत नाही. दुसरं, या माणसाने हायलँडमधली गरिबी पाहिली होती आणि रंगवलीही होती. गुरं हाकत दूरच्या बाजाराला निघालेल्या माणसाचा निरोप, चोरून व्हिस्की गाळणारं कुटुंब, ही त्याचीच चित्रं आहेत. तिसरं, राणीवरही सरसकट ठपका नको. १८७८ साली बाल्मोरलशेजारचं बॅलोखबुईचं जुनं पाइनवन लाकूड व्यापाऱ्याच्या कुऱ्हाडीखाली जाणार होतं. ते तिने विकत घेऊन वाचवलं. ते आजही उभं आहे. प्रेम खोटं नव्हतं.

पण बघा, गरिबी रंगवणाऱ्या हातानेच हे चित्र काढलं, आणि जगाने त्यातून उचललं काय? हे. माणसं असलेली चित्रं संग्रहालयात राहिली, माणूस नसलेलं बाटलीवर गेलं.

यावर कुणी म्हणेल, एवढ्या उंचावर माणूस नव्हताच. तेही पूर्ण खरं नाही. उन्हाळ्यात गावं आपली गुरं घेऊन वरच्या कुरणांवर जात, तिथे झोपड्यांत राहत, लोणी आणि चीज करत. त्या झोपड्यांना शीलिंग म्हणतात, त्यांचे दगडी अवशेष आजही सापडतात. आणि ते बोडके डोंगर, ज्यांना आपण ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतो? लांडगा तिथून केव्हाच नाहीसा झाला. शिकारीच्या हौसेसाठी हरणं जपली. ती इतकी वाढली की कोवळी रोपं चरून टाकतात आणि जंगल पुन्हा उभं राहत नाही. बाल्मोरलजवळच्या मार लॉज इस्टेटवर १९९५ पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने हरणं कमी केली, तर पाइनची रोपं पुन्हा वर येऊ लागली. म्हणजे आपण ज्याला राजा म्हणतो तो बिचारा त्या उजाडपणाचं कारणही आहे आणि त्याचा कैदीही.

हीच दृष्टी २००६ सालच्या ‘द क्वीन’ या सिनेमातही आहे. दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्स, राणीच्या भूमिकेत हेलन मिरन. डायनाच्या मृत्यूनंतरचे दिवस, बाल्मोरलचा परिसर. राणीची गाडी नदीच्या पात्रात बंद पडते. ती एकटी बसून रडते, आणि समोर येतो भव्य नर हरीण. ती हरखते, मग शिकारी जवळ आले म्हणून त्याला हाकलून लावते. ते शिकारी कोण? तिचाच नवरा आणि नातवंडं. पुढे ते हरीण शेजारच्या इस्टेटवर पैसे भरून आलेल्या पाहुण्याच्या गोळीने मरतं, आणि राणी त्याचं कलेवर बघायला जाते. हा प्रसंग रचलेला आहे, आणि चांगला रचलाय. लँडसीअरने लपवलेली गोष्ट सिनेमा उघड करतो, या राजाला दरपत्रक आहे! पण दरी सिनेमातही रिकामीच. राणीचं एकटेपण आपल्याला भिडावं म्हणून ती रिकामी लागते. ती रिकामी कशी झाली, हे तिथेही कुणी विचारत नाही.

तर आता कान्टकडे परत. राजवाड्याच्या बाबतीत त्याचं म्हणणं पटतं. मजुराचा घाम कमानीत दिसत नाही, कमान त्याच्यावाचून बघता येते. पण या चित्रात आपल्याला आवडतं ते काय? तो एकांत. ती निर्मनुष्यता. ती काढून घ्या, मागे धूर निघणारी चार घरं रंगवा, हरीण तेच राहील, पण ‘सम्राट’ राहणार नाही. म्हणजे माणसाचं नसणं ही चित्राबाहेरची बातमी नाही, ती चित्राच्या सौंदर्याची सामग्री आहे. तेव्हा ‘माणसं राहत नव्हती का?’ हा प्रश्न सौंदर्याचाच होता. आम्ही चुकलो. तो मुलगा रूसोच्या रांगेत नव्हता, तो चित्र आमच्यापेक्षा नीट बघत होता.

मग चित्र उतरवायचं का? अजिबात नाही. आम्हाला ते आजही आवडतं, अगदी आत्ता बोलता बोलतासुद्धा नजर तिकडे जाते. एवढंच, की आता त्या धुक्याकडे बघताना ते धुकं आहे की जळणाऱ्या छपराचा धूर, असं क्षणभर वाटून जातं. ते वाटणं झटकू नये, असं आमचं म्हणणं आहे. राणीला वाचवता आलं ते पाइनवन खरं, आणि स्ट्रॅथनेव्हरची घरंही खरी. दोन्ही एकाच डोळ्यांनी बघायची सवय लावून घ्यावी लागते, आम्हाला तर ती सत्तरी उलटल्यावर लागली.

तो विद्यार्थी कुठे असतो, ठाऊक नाही. ही व्याख्यानं दूरवर ऐकली जातात म्हणतात. ऐकत असलास तर बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. शेवटच्या रांगेपासून सुरुवात करू या.