तिकिटाच्या पैशांचा हिशोब

सिनेमावर लिहायचा अधिकार तुला कुणी दिला, असं एका शिकलेल्या मित्राने मला विचारलं. कविता ठीक आहे, पण समीक्षेला शिस्त लागते म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, मी पगारातले पैसे मोजून तिकीट काढतो, प्रसंगी खाडा करून खेळाला जातो. ज्याने पैसे मोजले त्याने हिशोब मागायचा. माझी शिस्त एवढीच.

तर दोस्तांनो, हा २०२५ सालचा हिशोब. काय आवडलं, कशाची वाट बघितली आणि काय आपल्यापर्यंत येऊच दिलं नाही.

पहिली वाट बघितली ती 'फुले'ची. अनंत महादेवनचा सिनेमा, प्रतीक गांधी जोतिबा आणि पत्रलेखा सावित्रीबाई. ११ एप्रिलला, म्हणजे जोतिबांच्या जयंतीलाच लागणार होता. आमच्या वस्तीतल्या पोरांनी ठरवलं होतं, सकाळी पुतळ्याला हार घालायचा आणि तिथूनच थेटरात जायचं. हार घातला. सिनेमा आला २५ तारखेला. मधल्या काळात काही ब्राह्मण संघटनांनी ट्रेलर बघूनच हरकती घेतल्या. सेन्सॉरने सांगितलेल्या बदलांची यादीही बाहेर आली. 'महार' काढा. 'मांग' काढा. 'पेशवाई' काढा. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणू नका, कित्येक वर्षांची म्हणा.

या शेवटच्या दुरुस्तीवर मला हसू आलं. गुलामी मान्य आहे, फक्त आकडा नको. हिशोबाला भिणारी माणसं ही. आणि शब्दांचं म्हणाल तर ऐका. जोतिबा-सावित्रीच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो होता मांग-महारांच्या दुःखाविषयी. दोन्ही शब्द त्याच्या मथळ्यातच होते. इंग्रजाच्या राज्यात एका शाळकरी मुलीला जे शब्द छापता आले, ते पावणेदोनशे वर्षांनी तिच्याच मास्तरवर काढलेल्या सिनेमात उच्चारायचे नाहीत. जात गेली असती तर शब्द गेला म्हणून मी पेढे वाटले असते. इथे जात जागच्या जागी आणि शब्दाला तेवढी फाशी. या सेन्सॉरचं नाव १९८३ साली बदलून प्रमाणन मंडळ केलं. धंदा कात्रीचाच राहिला.

आता सिनेमा कसा आहे? आपला म्हणून मी खोटं बोलणार नाही. 'फुले' हा सज्जन सिनेमा आहे. सगळे नीटनेटकं बोलतात, प्रसंग एकामागोमाग रांगेने येतात, शाळेच्या गॅदरिंगसारखे. प्रतीक गांधीची मेहनत दिसते. शेण अंगावर घेऊन शाळेत निघालेली सावित्री बघताना माझ्या शेजारची म्हातारी पदर डोळ्याला लावून बसली होती, तिला मी कोणत्या तोंडाने सांगू की सिनेमा कच्चा आहे? पण कच्चा आहे. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिणारा जोतिबा हा खट्याळ, तिखट जिभेचा माणूस. तो टर उडवतो, समोरच्याचा पंचा ओढतो. पडद्यावरचा जोतिबा नुसता सोसतो आणि समजावतो. आपल्या माणसाला संत करून टाकलं की तो कुणालाच टोचत नाही. मी हा सिनेमा रविवारच्या सुट्टीत बघितला. ही रविवारची सुट्टीसुद्धा जोतिबांच्या एका सत्यशोधकाने, नारायण मेघाजी लोखंड्यांनी, १८९० साली गिरणी कामगारांना मिळवून दिलेली. हे आपलं जाता जाता.

१ ऑगस्टला 'धडक २' आला. याची वाट मी दात ओठ खात बघत होतो. २०१६ साली नागराजने 'सैराट' केला, महाराष्ट्र वेडा झाला. मग २०१८ मध्ये करण जोहरच्या कंपनीने त्याचा 'धडक' केला आणि जातीचा पिळून चोथा केला. श्रीमंत पोरगी, गरीब पोरगा, संपलं. तीच कंपनी आता दुसऱ्या 'धडक'साठी मारी सेल्वराजचा 'परियेरुम पेरुमाल' घेते म्हटल्यावर हसावं की रडावं कळेना. पण दिग्दर्शक शाझिया इक्बालने जात लपवलेली नाही, एवढं कबूल करायला पाहिजे. सेन्सॉरने बदलांची यादी तिच्याही हातात ठेवली. तरी उरलं त्यात दम आहे. बाईचा वेश घेऊन नाचणारा बाप आणि त्याची अब्रू कॉलेजात पोरासमोर जाते तो प्रसंग, विपिन शर्माने असा केलाय की मला माझ्या तमासगीर चुलत्याची आठवण आली. पण हिरो सिद्धांत चतुर्वेदी. त्याचा रंग गडद करून घेतलाय. अहो, काळं फासून कुणी दलित होतं काय? आमच्यात गोरी पोरं नाहीत? जात कातडीवर असती तर खोली भाड्याने द्यायच्या आधी मालकाने आडनाव विचारलं नसतं.

मूळ तमिळ सिनेमा अवश्य बघा. त्यातले शेवटचे चहाचे दोन पेले हिंदीवाल्यांना कधी जमणार नाहीत.

आता 'होमबाऊंड'. माझ्यासाठी २०२५ चा पहिला नंबर, आणि माझं सगळ्यात मोठं भांडणही त्याच्याशीच.

दिग्दर्शक नीरज घायवान. २०१५ चा 'मसान' त्याचाच. आपण दलित आहोत हे तो उघड सांगतो, आणि हिंदी सिनेमात असं सांगणारे एका हाताच्या बोटांवर मोजावेत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरतेच्या कापड गिरण्यांत काम करणारे दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान, उत्तर प्रदेशातल्या आपल्या गावाकडे निघाले. वाटेत दलित पोरगा गेला. दोस्ताने रस्त्याच्या कडेला त्याचं डोकं मांडीवर घेतलेला फोटो तुम्ही बघितला असेल. त्यावर बशारत पीर यांनी लेख लिहिला, त्या लेखावरून हा सिनेमा. विशाल जेठवा चंदन झालाय, ईशान खट्टर शोएब.

दोघांना पोलीस व्हायचंय. वर्दी अंगावर आली की कुणी नाव विचारणार नाही, ही साधी आशा. चंदन फॉर्म भरताना राखीव रकाना सोडून खुल्या वर्गात नाव टाकतो. हा प्रसंग बघताना मी खुर्चीत आवळून बसलो. गेटवर बदली कामगार म्हणून नाव नोंदवताना मीसुद्धा आडनाव असं पुटपुटलो होतो की कारकुनाला ऐकूच जाऊ नये. आपल्या सभांत आपण अशा पोराला भित्रा म्हणतो, गद्दार म्हणतो. नीरज म्हणत नाही. पोरगा दमलाय, एवढंच तो दाखवतो. आणि त्याच्यासमोर सुधा ही शिकणारी, बाबासाहेबांना मानणारी मुलगी उभी करतो. ती त्याला धरून विचारते, सोडत नाही. (जान्हवी कपूरला बघून आपली बहीण वाटत नाही, पण ती पात्र बिघडवत नाही.) दोन्ही बाजू आपल्याच घरातल्या, आणि भांडणही आपलंच.

चंदनची आई शाळेत स्वयंपाकाला लागते, तर तिच्या हातचं पोरांना नको म्हणून गाव उठतं. तिच्या भेगाळलेल्या टाचा कॅमेरा जवळून बघतो. आणि बहीण. भावाला शिकवलं, हिचं राहिलं. ती ते तोंडावर बोलून दाखवते. मला वाटतं आपल्या चळवळीतल्या निम्म्या घरांत ही बहीण आहे आणि तिचं कुणी ऐकून घेतलेलं नाही. माझ्या घरात आहे.

शोएबची गोष्ट वेगळी चालते. क्रिकेटच्या मॅचवरून ऑफिसातले लोक थट्टेथट्टेत त्याला परका करून टाकतात. सेन्सॉरने या सिनेमालाही कात्री लावली आणि मग सरकारी थाटात हाच सिनेमा भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला. घरात गप्प बस म्हणायचं आणि पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला लावायचं, तशातली ही तऱ्हा.

मग माझं भांडण काय? आम्ही खात्यातले चौघे गेलो होतो. त्यातला एक पूर्वांचलचा भय्या, २०२० मध्ये त्यानेही निम्मी वाट पायी तुडवलेली. सिनेमाभर तो बोलला नाही. बाहेर आल्यावर चहाच्या गाड्यावर एवढंच म्हणाला, उसका बकाया पगार किसने दिया? आम्ही तिघे गप्प. मी मनात सिनेमा उलटा-सुलटा करून बघितला, मला उत्तर मिळालं नाही. नीरजला गावातली जात बारकाईने माहीत आहे. गिरणी तेवढी माहीत नाही. सुरत त्याच्या सिनेमात वाटेवरच्या मुक्कामासारखी येते. बारा तासांची पाळी, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं, धागा तुटला की सांधायला पळणारे हात, कापला गेलेला रोज. या सगळ्यावरून सिनेमा भरभर जातो, कारण त्याला रस्त्यावर पोचायचं असतं. मरणाकडे.

खरी घटना तशीच घडली, मान्य. त्याने दुसरं काय करायचं? पण माझी तक्रार एका सिनेमापुरती नाही. आपला पोरगा पडद्यावर आला की शेवटी मरणार, हे आता थेटरातल्या लहान पोरालाही कळतं. पांढरपेशा प्रेक्षक रडतो, रुमाल घडी करून खिशात ठेवतो आणि घरी जातो. मेलेला दलित त्याला चालतो. पगार मागणारा, राखीव जागेवर हक्काने बसणारा, वरून चार पैसे शिल्लक टाकणारा दलित त्याला खुपतो.

आणि हे नीरजला माहीत नाही असं नाही. त्यानेच २०२१ मध्ये 'गीली पुच्ची' नावाची छोटी फिल्म केली, 'अजीब दास्तान्स'मधली. कोंकणा सेन शर्मा कारखान्यात मशीनवर काम करणारी भारती मंडल झालीय. ऑफिसातल्या टेबलाची जागा तिच्या लायकीची, ती मिळते एका गोऱ्या ब्राह्मण सुनेला. मग भारती काय करते? ती मरत नाही. भाषण करत नाही. थंड डोक्याने, हळूहळू डाव टाकते आणि जागा घेते. शेवटी ती चहा पिते तेव्हा तिच्या तोंडावर जे असतं त्याला चांगलं म्हणावं की वाईट, यावर आमच्या खोलीत रात्री दोन वाजेपर्यंत मारामारी चालली. एका दोस्ताचं म्हणणं, ही आंबेडकरवादी नव्हे, ही कपटी. मी म्हटलं, तिच्याकडे दुसरं हत्यार कोणतं होतं ते दाखव. अजून त्याने दाखवलेलं नाही. 'होमबाऊंड' मोठा सिनेमा आहे, पण भारती मंडल माझ्या जास्त जवळची आहे.

मारी सेल्वराजचा 'बायसन' १७ ऑक्टोबरला आला. मी तो नंतर मोबाईलवर बघितला, खालची अक्षरं वाचत, रात्रपाळीच्या दोन सुट्ट्या घालवून. एका खऱ्या कबड्डीपटूच्या आयुष्यावरून घेतलेला. यातला पोरगा जगतो, खेळतो, देशाच्या टीमपर्यंत जातो. पोराने मैदानात उतरू नये म्हणून धडपडणारा बाप पशुपतीने केलाय, आणि त्या भीतीत सगळा गावगाडा दिसतो. लांब आहे, हाणामारीही फार आहे, तरी चालेल.

तमिळमध्ये आज रणजित आहे, मारी आहे, त्यांच्या हाताखाली तयार झालेली पोरं आहेत. आपल्याकडे चळवळ जुनी, वाङ्मय मोठं, आणि सिनेमात मोठं नाव घ्यायचं तर नागराज. 'साबर बोंडं' मराठीत आला, रोहन कानवडेचा, सनडान्सला मोठं बक्षीस घेऊन. फार हळुवार, धीट सिनेमा आहे. त्यावर वेगळं लिहीन.

आता न आलेले. संध्या सुरीचा 'संतोष'. उत्तर भारतातलं गाव, दलित मुलीचा खून, आणि नवऱ्याच्या जागेवर पोलिसात लागलेली विधवा शिपाई. ब्रिटनने तो आपल्यातर्फे ऑस्करला पाठवला. भारतात जानेवारी २०२५ मध्ये लागणार होता. सेन्सॉरने एवढं कापायला सांगितलं की दिग्दर्शिकेने नकार दिला. पुढे ऑक्टोबरात मोबाईलवर येणार म्हणून आम्ही वर्गणी काढून ठेवली, तेही अडवलं. हिंदी सिनेमा, हिंदी बोलणारी माणसं, आणि वर्ष संपेपर्यंत तो लंडनमध्ये बघता आला, इथे नाही. माझ्या यादीत तो न बघताच आहे.

नागराजच्या 'खाशाबा'ची वाट २०२५ भर बघितली, वर्ष संपलं तरी लागला नव्हता. गोळेश्वरचा खाशाबा जाधव, १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि जायला पैसे नाहीत म्हणून कोल्हापूरच्या कॉलेजच्या प्राचार्यांना घर गहाण टाकावं लागलं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरून कित्येक वर्षं झाल्यावर. नागराजच्या हातात हा विषय आहे म्हणून मी निश्चिंत आहे. थोडी धाकधूकही आहे. 'झुंड'मध्ये अमिताभला बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर उभा केला त्याने, पण पोरांपेक्षा मास्तर मोठा दिसला.

आणि रणजितचा 'वेट्टुवम'. याचं लिहायला हात अडखळतो. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत शूटिंग चालू असताना गाडी उलटवण्याचा स्टंट करणारा एक कामगार मेला. रणजितसह काही जणांवर गुन्हा नोंदला गेला. त्याच्या संस्थेने दुःखाचं पत्रक काढलं, आम्ही सुरक्षेची काळजी घेतली होती असं म्हटलं. असेलही. पण आमच्या गिरणीत एकाचा हात मशीनमध्ये गेला तेव्हा मालकाचं पत्रकही याच चालीवर होतं. मालक परका होता म्हणून आम्ही घोषणा दिल्या. इथे आपला माणूस आहे, निळा झेंडा हातात घेतलेला, म्हणून बोलायचं नाही? दोन-तीन कार्यकर्ते मला म्हणाले, हे छापू नकोस, शत्रूच्या हातात कोलीत मिळतं. मी छापतोय. आपल्या सिनेमात काम करणाऱ्याचा जीव, विमा, भरपाई हा आपलाच प्रश्न आहे. 'वेट्टुवम' लागला की मी पहिल्या खेळाला जाईन, आणि त्या मेलेल्या माणसाचं नाव पडद्यावर कुठे येतं ते आधी बघेन.

येत्या रविवारी संध्याकाळी सातला विहाराच्या मागच्या भिंतीवर 'गीली पुच्ची' लावतोय. प्रोजेक्टर एका मास्तरांकडून मिळालाय. चटया आपापल्या आणा. बहिणींना घेऊन या, भांडायला माणसं कमी पडतात.