हस्तराचे ओले राज्य

नंदुरबार तालुक्यातील रनाळे हे काही दलदलीचे गाव नव्हे. पावसाची वाट पाहणे हा इकडच्या शेतकऱ्याचा नित्याचाच भोग. अशा गावी एका परिचित कुटुंबासमवेत राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट पाहताना पडद्यावरच्या अखंड पावसाने आमच्या मनात प्रथम भीती नव्हे, हेवाच उत्पन्न केला! चित्रपट संपल्यावर घरातील आजींनी विचारले, “फादर, असला देव खरंच कुठं पुजतात का?”

हस्तर हा सर्वस्वी कल्पित देव. समृद्धीच्या देवतेचा हा थोरला, लाडका पुत्र. सोने त्याने बळकावले. धान्याला हात घालताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. मातेने त्याला आपल्या उदरात लपवले, ते त्याची पूजा कधीही होऊ नये या अटीवर. तुंबाडकरांनी ती अट मोडली आणि गावावर न थांबणारा पाऊस कोसळला. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मधून केवळ नाव घेतले आहे, कथेची प्रेरणा नारायण धारपांची. चिखल, शेवाळ, कुजका वाडा आणि विहिरीखालचे ते ओलसर, मांसल गर्भागार यांतून उभे राहिलेले हे राज्य भारतीय पडद्यावर विरळाच.

तरीही आम्हांस एक उणीव खुपली. ज्या कथेचा गाभाच धान्याची भूक, तीत नांगर धरणारा माणूस जवळजवळ दिसत नाही. या राज्यात देव आहे, चोर आहे, प्रजा नाही. विनायक कणकेची बाहुली पुढे करतो आणि मुद्रा लुटून वर येतो. देवाशी त्याचे दुसरे नातेच नाही.

खऱ्या चिखलातील दैवते निराळी असतात. गोव्यात बोंडवोल येथे पौष अमावास्येच्या सुमारास शेतकरी शेतातल्या चिखलाचीच मगर घडवून पूजतात. ‘मानगे थापणी’ म्हणतात तिला. खाडीकाठच्या खाजन जमिनीत बांध आणि मानस राखून शेती करायची, तर मगरीशी शेजार आलाच. त्या शेजाराला घातलेले हे मर्यादेचे कुंपण. आमच्या सीमेपलीकडे, दक्षिण गुजरातेत, चौधरी, गामीत आणि वसावा समाज लाकडी मगरींच्या रूपात मोगरादेव पूजतात. हकू शाह आणि एबरहार्ड फिशर यांनी १९७१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. सेमिनरीच्या दिवसांत आम्ही अशा साऱ्यांना ‘अंधश्रद्धा’ म्हणून एका वाक्यात वाटेला लावले असते. मात्र ईयोबच्या ग्रंथात दलदलीत, लव्हाळ्यांच्या आडोशाला पहुडणाऱ्या बेहेमोथाचे वर्णन स्वतः परमेश्वर किती कौतुकाने करतो, ते तेव्हाही आमच्या अभ्यासक्रमात होतेच की!

म्हणून आजींना आम्ही सांगितले, “हस्तर कुणी पुजत नाही, आजी. पण चिखलातला देव दिसला की त्याला सैतान समजू नका. तुमच्या सोयऱ्यांच्या घरीही तो असेल.” आजी काही बोलल्या नाहीत. त्यांचे माहेर डोंगराकडचे.

शेवटाकडे एकाऐवजी अनेक हस्तर येतात, तेथे भीतीची जागा गर्दी घेते. ती युक्ती आम्हांस फसलेली वाटली. पण त्यानंतरचा प्रसंग अस्सल आहे. विद्रूप झालेला बाप मुद्रांनी भरलेले लंगोट पुढे करतो. पोर पांडुरंग ते घेत नाही, बापालाच अग्नी देतो. संवाद जवळजवळ नाहीच. लहान मुलांना मात्र हा चित्रपट दाखवू नये. त्या घरातील धाकटा दोन रात्री दिवा लावून झोपला.