सूर्य आक्रसतो आहे का? एका दाव्याची चिकित्सा

एकच शास्त्रज्ञ, एकाच धर्तीच्या जुन्या नोंदी आणि तीन वर्षांच्या अंतराने मांडलेले दोन निष्कर्ष. त्यांतला एक आज सौरविज्ञानात सर्वमान्य आहे. दुसरा टिकला नाही. असे का झाले? अमेरिकन सौरशास्त्रज्ञ जॉन एडी यांच्या या दोन कामांची तुलना विज्ञानशिक्षकांना उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते.

पहिले काम १९७६ सालचे. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग फारच थोडे होते, असे श्पोरर आणि माँडर यांनी पूर्वीच म्हटले होते. पण 'त्या काळी कोणी नीट पाहिलेच नसेल' असे म्हणून ते बाजूला सारता येत होते. एडींनी नेमकी हीच शंका तपासली. त्या काळात दुर्बिणीतून सूर्य पाहणारे होते, हे त्यांनी दाखवले. ध्रुवीय प्रकाशाच्या नोंदी त्या काळात कमी झालेल्या आढळल्या. खग्रास ग्रहणांच्या वर्णनांत प्रभाकिरीटाचा थाट नव्हता. झाडांच्या खोडांतील वलयांत कार्बन-१४ चे प्रमाण वाढलेले होते. सूर्याची सक्रियता मंदावली की विश्वकिरण पृथ्वीपर्यंत अधिक पोहोचतात आणि हे प्रमाण वाढते. झाडाला दुर्बिणीची माहिती नसते आणि ध्रुवीय प्रकाश पाहणाऱ्याला सौरडागांची. एकमेकांशी संबंध नसलेले हे साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते.

दुसरे काम १९७९ सालचे. ग्रीनिच वेधशाळेतील १८३६ ते १९५३ या काळातील वेधांवरून एडी आणि बूर्नाझियन यांनी सांगितले, की सूर्याचा व्यास शतकाला सुमारे २ विकलांनी घटतो आहे. (अंशाचा ६० वा भाग कला, कलेचा ६० वा भाग विकला.) सूर्याच्या अंतरावर १ विकला म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर. म्हणजे व्यासात दरवर्षी १४ किलोमीटरांहून अधिक घट!

हे माप घेतले कसे जात होते ते पाहू. दुर्बीण याम्योत्तर वृत्तावर रोखलेली असते. सूर्याची पुढची कड तारेला लागली की एक वेळ नोंदवायची, मागची कड सुटली की दुसरी. या दोन वेळांतील अंतर सुमारे १२८ सेकंद असते. आकाश सेकंदाला १५ विकला सरकते, तेव्हा २ विकला म्हणजे जेमतेम ०.१३ सेकंद. शंभर वर्षांतील सारी घट या एवढ्याशा वेळात मावते. याच ग्रीनिचमध्ये १७९६ साली मॅस्कलिन यांनी आपल्या साहाय्यकाला नोकरीवरून काढले होते, कारण त्याच्या ताऱ्यांच्या वेळा ०.८ सेकंदाने मागे पडत. पुढे लक्षात आले, की असा फरक दोन निरीक्षकांत असतोच. व्यास काढताना एकाच निरीक्षकाच्या दोन वेळांची वजाबाकी होते, त्यामुळे चूक जाईल असे वाटते. पण कड येताना आणि कड जाताना डोळा सारखाच वागेल, याची हमी कोण देणार? शिवाय शतकभरात निरीक्षक बदलले आणि वेळ नोंदवण्याची पद्धतही बदलली.

आमच्या मते सर्वांत मोठा इशारा त्याच नोंदींत होता. उभ्या व्यासात दिसलेली घट आडव्या व्यासातील घटीपेक्षा बरीच कमी होती. घट खरी असती, तर शतकभरात सूर्याच्या आकारात विकलेच्या पातळीचा फरक पडला असता. अंतराळातून केलेल्या मापनांनुसार (२०१२) सूर्याची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे ०.००७ विकला, म्हणजे फक्त ५ किलोमीटर, जास्त आहे. सूर्य इतका गोल आहे, की आडवा आणि उभा व्यास वेगळे सांगणारी नोंद सूर्याविषयी कमी आणि मापनपद्धतीविषयी जास्त बोलते.

मग स्वतंत्र साक्षीदार काय म्हणतात? १९८० साली शपिरो यांनी १७३६ ते १९७३ मधील बुधाच्या अधिक्रमणांच्या नोंदी तपासल्या. त्यांनुसार घट शतकाला ०.३ विकलेपेक्षा अधिक असणे संभवत नाही. पुढे 'सोहो' यानावरून एका सौरचक्रभर घेतलेल्या मापांतही सूर्याच्या त्रिज्येत निश्चित बदल दिसला नाही. सक्रियतेबरोबर काही बदल होत असलाच, तर तो विकलेच्या चाळिसाव्या भागाहूनही कमी. डाग वाढतात, कमी होतात, सूर्याची एकूण प्रारणशक्तीही सुमारे ०.१ टक्क्याने बदलते. पण गोळा मात्र जवळपास तेवढाच राहतो.

ऊर्जेचा हिशेबही घालता आला असता. संपूर्ण सूर्य त्या वेगाने आक्रसता, तर गुरुत्वाकर्षणातून मोकळी होणारी ऊर्जा आजच्या सूर्यप्रकाशाच्या शंभरपटीहून अधिक भरली असती.

यात एडींची निंदा नाही. जुन्या वह्या उघडून धाडसी प्रश्न विचारणारी माणसे विज्ञानाला हवीच असतात, आणि दावा आकड्यांत मांडला म्हणूनच तो तपासता आला. आमची तक्रार पुढच्या प्रवासाबद्दल आहे. तपासणी वर्षभरातच झाली, तरी मूळ आकडा फिरत राहिला. पृथ्वीचे वय काही हजार वर्षेच आहे असे मानणाऱ्यांनी तो पुरावा म्हणूनही वापरला. दावा बातमी होतो, खंडन मात्र ग्रंथालयात राहते.

वर्गात यासाठी एक सोपा प्रयोग पुरे. पुठ्ठ्याला सुईने छिद्र पाडून ३ मीटरवर सूर्याची प्रतिमा घ्या (सूर्याकडे थेट पाहू देऊ नका). तिचा व्यास सुमारे २८ मिलिमीटर येईल. वर्गातील प्रत्येकाला तो स्वतंत्रपणे मोजू द्या आणि सगळे आकडे फळ्यावर लिहा. जानेवारी आणि जुलैतील प्रतिमांत पृथ्वी-सूर्य अंतरामुळे सुमारे १ मिलिमीटरचा फरक पडतो. तो फरक मुलांच्या आपापसांतील फरकातून वेगळा ओळखता येतो का, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि मग सांगा, की शतकाला २ विकला म्हणजे या फरकाचा जेमतेम तिसावा भाग.