मापाचा सूट आणि मोजणारा हात : दोन आत्मपर लेखनांतील पोशाखाचा विचार

प्रास्ताविक

ठाणे शहराचा सुटाशी असलेला संबंध जुना आहे. खोपटच्या एस.टी. आगारापासून फारसा दूर नसलेल्या पोखरण रस्त्यावर रेमंड गिरणीचा विस्तीर्ण परिसर होता. १९२५ मध्ये ठाण्याच्या खाडीलगतच्या भागात सुरू झालेली ही लोकरी कापडाची गिरणी १९४४ मध्ये सिंघानिया कुटुंबाकडे आली आणि पुढे सुटाचे कापड म्हटले की मध्यमवर्गीय माणसास हेच नाव आठवावे, इतकी तिची ख्याती झाली. आज त्या जमिनीवर निवासी संकुले उभी राहिली आहेत. लग्नकार्यासाठी सूटपीस घ्यावयाचा आणि ओळखीच्या शिंप्याकडून तो मापाने शिवून घ्यावयाचा, ही येथील अनेक कुटुंबांची एकेकाळची रीत. ब्रिटिश धाटणीचा हा पोशाख अशा प्रकारे आपल्या घरातला झाला.

त्याच्या अर्थाविषयी मात्र एक ठरावीक मत आपल्याकडे रूढ आहे. सूट म्हणजे साहेबाचे अनुकरण आणि धोतर किंवा पंचा म्हणजे स्वत्वाची खूण, असे हे मत होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याविषयी वर्गात बोलताना एखादा विद्यार्थी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो : 'त्यांनी परका पोशाख का स्वीकारला?' प्रश्न निरागस असतो, परंतु त्यामागील गृहीतक तसे नसते. प्रस्तुत लेखात महात्मा गांधींचे 'सत्याचे प्रयोग' आणि डॉ. आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या दोन लेखनांतील पोशाखाचे प्रसंग शेजारी ठेवून या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे.

मापाने शिवणे म्हणजे काय?

लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरील शिवणकामाला 'बिस्पोक' असे म्हणतात. गिऱ्हाइकाने आधीच बोलून ठेवलेले कापड, असा या शब्दाचा मूळ आशय आहे. कापड ठरते, शरीराची मापे घेतली जातात, त्या एका शरीरासाठी कागदाचा स्वतंत्र नमुना कापला जातो आणि त्यावरून कापड बेतले जाते. नंतर कच्च्या टाक्यांवर सूट अंगावर चढवून पाहतात. खडूने खुणा होतात, टाके उसवले जातात, पुन्हा घातले जातात. २००८ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने, मापानुसार पण यंत्राच्या साहाय्याने केलेल्या सुटालाही हा शब्द लावता येईल, असा निर्णय दिला. तेव्हा जुन्या पेढ्यांना तो रुचला नाही. हाताच्या कामाची प्रतिष्ठा हा त्यांच्या दृष्टीने कळीचा मुद्दा होता.

पादत्राणांचेही तसेच आहे. मापाचे जोडे करणारा इंग्रज कारागीर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम लाकडी कलबूत घडवितो आणि त्यावर जोडा चढवितो.

या साऱ्या व्यवहाराला दोन पूर्वअटी आहेत. मापे घेणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या शरीराला स्पर्श करावयास हवा, ही पहिली. गिऱ्हाइकाने जे सांगितले ते प्रमाण मानले जावे, ही दुसरी. इंग्लंडमध्ये पैसा आणि पत असली की या अटी सहज पूर्ण होत. जातिबद्ध समाजात मात्र दोन्ही अटी जातीपाशी येऊन अडतात. आपल्याकडे चामड्याचा जोडा करणारा हात गावाला हवा असे, पण त्याच हाताचा स्पर्श वर्ज्य असे. मापाच्या पोशाखाची चर्चा आपल्या संदर्भात करावयाची तर ती येथून सुरू व्हावयास हवी.

बाँड स्ट्रीटवरील सूट

गांधीजी १८८८ मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला गेले. त्या काळातील आपल्या सभ्य गृहस्थ बनण्याच्या खटाटोपाचे वर्णन त्यांनी आत्मकथेच्या पहिल्या भागात केले आहे. मुंबईच्या बेताचे कपडे तेथील समाजात शोभणार नाहीत असे वाटून त्यांनी आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून नवे कपडे घेतले. उंच टोपीसाठी एकोणीस शिलिंग मोजले. तेवढ्याने समाधान न होऊन बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून संध्याकाळचा सूट शिवून घेतला. घड्याळासाठी सोन्याचा दुपदरी छडा मोठ्या भावाकडून मागविला. गळपट्टा बांधण्यात आणि केस बसविण्यात रोज आरशापुढे दहा मिनिटे जात, हेही ते नोंदवितात.

या निवेदनाचा सूर आत्मपरीक्षणाचा आहे. लिहिणारा प्रौढ गांधी तरुण गांधीकडे मिस्कीलपणे पाहतो आणि वाया गेलेल्या पैशांचा हिशेब मांडतो. हा मोह सुमारे तीन महिने टिकला, परंतु पोशाखातील टापटीप पुढे कित्येक वर्षे राहिली, अशी प्रामाणिक कबुलीही देतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या संपूर्ण प्रकरणात गांधीजींना पोशाख नाकारणारे कोणी भेटत नाही. दुकानदार माल विकतो, शिंपी सूट शिवतो. प्रश्न असतो तो फक्त स्वतःच्या विवेकाचा. पुढे सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे त्यांनी पंचा स्वीकारला, तेव्हा गरिबांना पुरेसे वस्त्र मिळत नाही हे त्यामागील कारण होते आणि त्या निर्णयाचे नैतिक मोल मोठे आहे. तथापि सोडून देण्यासाठी ती वस्तू आधी विनातक्रार मिळालेली असावी लागते, एवढे या तुलनेसाठी नोंदविणे आवश्यक आहे.

गोणपाट, नवे कपडे आणि सदरा

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे डॉ. आंबेडकरांचे छोटेखानी आत्मपर लेखन १९३५ च्या सुमाराचे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या बाराव्या खंडात ते समाविष्ट आहे. अस्पृश्यतेचे स्वरूप परदेशी वाचकाला कळावे म्हणून निवडलेले हे प्रसंग आहेत. त्यांत वस्त्र पुनःपुन्हा येते, याकडे मात्र फारसे लक्ष वेधले गेलेले दिसत नाही.

साताऱ्याच्या शाळेत बसण्यासाठी त्यांना स्वतःचे गोणपाट न्यावे लागे आणि संध्याकाळी घरी परत आणावे लागे, कारण शाळेचा नोकर त्याला शिवत नसे. घरी कपडे धुण्याचे काम बहिणी करीत. साताऱ्यात परीट होते आणि त्यांना द्यायला पैसेही होते, परंतु अस्पृश्याचे कपडे धुणारा परीट नव्हता. केस कापण्याचे कामही थोरल्या बहिणीकडेच होते. म्हणजे शरीराची आणि वस्त्राची निगा राखणारे गावातील हात या घरापर्यंत येतच नव्हते.

यानंतर १९०१ मधील मसूर स्थानकाचा प्रसंग येतो. वडील कोरेगावला नोकरीस होते. त्यांच्याकडे जाण्यासाठी मुलांना इंग्रजी बनावटीचे नवे सदरे, झगमगीत टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे करविण्यात आली. गाडी गेल्यावर फलाटावर थांबलेल्या या मुलांकडे पाहून स्थानकप्रमुखाला ती ब्राह्मणांची वाटली. त्याने आस्थेने चौकशी केली. मुलांनी आपण महार असल्याचे सांगताच त्याची मुद्रा पालटली. पुढे बैलगाडीवालेही तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकावयाची, या अटीवर एकजण राजी झाला.

पोशाखाच्या दृष्टीने हा प्रसंग अत्यंत महत्त्वाचा आहे. कपडे आपले काम चोख बजावतात आणि काही क्षणांपुरती मुलांना माणूस म्हणून मान्यता मिळवून देतात. ती मान्यता एका शब्दाने काढून घेतली जाते. मापाच्या पोशाखात गिऱ्हाइकाचा शब्द प्रमाण मानला जातो. मसूरला त्याच मुलांचा शब्द त्यांच्याविरुद्ध वापरला गेला.

तिसरा प्रसंग १९१७ मधील बडोद्याचा. परदेशातून शिक्षण घेऊन परतलेले आंबेडकर नोकरीसाठी तेथे गेले आणि पारशी सराईत उतरले. त्यांनी बाहेरचे कपडे उतरविलेले असताना सराईचा रखवालदार वर आला. अंगावर सदरा आणि कस्ती नाही हे पाहून हा मनुष्य पारशी नव्हे, हे त्याने ओळखले. पारशी नावाने राहण्याची तडजोड झाली. अकराव्या दिवशी ते कपडे करून कचेरीला निघत असतानाच काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. वरचा पोशाख परदेशी शिक्षणाचा होता, पण सराईने पाहिली ती आतली खूण.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, या प्रसंगांवरून पुढील काळातील सुटाचा अर्थ लावणे म्हणजे ओढाताण होय. बॅरिस्टर आणि प्राध्यापक यांचा तो व्यावसायिक वेषच होता. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. तथापि पोशाखाच्या सामाजिक अर्थाचे पूर्ण भान डॉ. आंबेडकरांना होते, याला त्यांच्या कृतीचाच पुरावा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना, लुगडे नेसण्याची ठरावीक पद्धत आणि अंगावरील चांदीचे जड दागिने या अस्पृश्यतेच्या खुणा असून त्या टाकून द्याव्यात, असे त्यांनी सांगितले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेच्या प्रसंगी मात्र ते पांढऱ्या रेशमी धोतरात होते. प्रसंगानुसार पोशाख निवडणाऱ्या माणसाच्या सुटाला निव्वळ अनुकरण म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप पुतळ्यांविषयीचा. ब्रह्मेश वाघ यांनी घडविलेल्या आणि १९६७ मध्ये संसद परिसरात अनावरण झालेल्या पुतळ्यातील सूट आज गावोगावच्या पुतळ्यांत निळ्या रंगात दिसतो. एका शरीरासाठी बेतलेला पोशाख येथे साचेबद्ध झाला, अशी टीका होऊ शकते. पण ज्या वस्तीत पुतळा उभा राहतो, तेथील माणसासाठी त्या सुटाचा अर्थ वेगळा आहे. न्हावी, परीट, शिंपी यांच्या सेवा नाकारल्या जाण्याचे प्रकार एकविसाव्या शतकातील ग्रामीण पाहण्यांतूनही नोंदले गेले आहेत. अशा ठिकाणी अंगाबरोबर बसलेला सूट हे एका नाकारलेल्या मापाचे उत्तर ठरते. साचा झाला म्हणून ते उत्तर खोटे ठरत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, पोशाख परका की आपला, हा प्रश्न अपुरा आहे. तो परिधान करणाऱ्याचे माप कोणी घेतले, कोणी घेण्यास नकार दिला आणि त्याचा शब्द कोठे प्रमाण मानला गेला, हे विचारल्याशिवाय अर्थ हाती लागत नाही. गांधीजींच्या लेखनात सूट हा मोहाचा विषय आहे, कारण तो त्यांना सहज मिळू शकत होता. डॉ. आंबेडकरांच्या लेखनात चांगले कपडे ही वारंवार हिरावली जाणारी मान्यता आहे. दोघांच्या पुढील आयुष्यातील पोशाखांची तुलना करताना हा आरंभबिंदूतील फरक पुसून टाकला, तर आपण नकळत मसूरच्या त्या स्थानकप्रमुखाच्या बाजूला जाऊन उभे राहतो.

वर्गातील त्या विद्यार्थ्याला म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते की, 'परका पोशाख का?' असे विचारण्यापूर्वी त्याने साताऱ्याचे ते गोणपाट एकदा वाचावे. शाळेत रोज नेल्या आणि आणल्या जाणाऱ्या त्या कापडापासूनच या सुटाचा इतिहास सुरू होतो.