क्रमांक आशाचा, नाव विनयचे

सी भाषेच्या पाठ्यपुस्तकांत एक विधान हमखास आढळते: एक स्ट्रक्चर दुसऱ्यात उतरवायचे तर '=' हे चिन्ह पुरते. विधान खरे आहे. पण तेथेच थांबणे आम्हांला धोक्याचे वाटते. युनिक्समधील 'गेटपीडब्ल्यूनॅम' हे फंक्शन पाहिले की धोका ध्यानात येतो.

या फंक्शनला वापरकर्त्याचे नाव दिले की ते त्याच्या खात्याची नोंद शोधून तिचा पत्ता परत देते. वापरकर्त्याचा व गटाचा क्रमांक प्रत्यक्ष स्ट्रक्चरमध्येच असतो. नाव, घरची डिरेक्टरी, शेल यांचे मात्र तेथे केवळ पत्ते असतात. मूळ अक्षरे फंक्शनच्या स्वतःच्या जागेत राहतात, आणि फंक्शन पुन्हा वापरले की ती पुसली जाऊ शकतात.

समजा, आशाची नोंद मागवून '=' ने उतरवली आणि मग विनयची मागवली. आता उतरवलेल्या नोंदीत क्रमांक आशाचा, पण नाव विनयचे निघू शकते. वहीत 'उत्तर फळ्यावर पाहा' एवढेच टिपावे आणि पुढच्या तासाला फळा पुसला जावा, तसा हा प्रकार. कंपायलर मात्र चकार शब्द काढत नाही. अशा नोंदीच्या आधारे फाइलींची मालकी ठरली, तर एकाचे कागद दुसऱ्याच्या हाती जातील.

जागा मागण्याची व परत करण्याची कटकट वापरणाऱ्यामागे राहू नये, हा या रचनेचा फायदा आम्हांला मान्य आहे. पण एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड चालू लागले की नोंद उतरवत असतानाच ती बदलू शकते. म्हणून पोझिक्सच्या १९९५ च्या थ्रेडविषयक मानकात या फंक्शनचे 'आर' जोडलेले रूप आले. त्यात जागा वापरणारा स्वतः पुरवतो. तरीही ती जागा नोंदीइतकाच काळ टिकवावी लागते. म्हणजे जबाबदारी संपत नाही, ती उघड होते. आमच्या मते हेच अधिक प्रामाणिक.

खरी नक्कल करायची तर प्रत्येक अक्षरमालेसाठी तिच्या लांबीहून एक बाइट अधिक जागा मागावी, ती मिळाली याची खात्री करावी, मगच अक्षरे उतरवावीत. काम संपल्यावर आपण मागितलेली जागा परत करावी. फंक्शनच्या जागेला हात लावू नये.

शिक्षकांनी '=' शिकवल्यावर दोन नोंदी लागोपाठ मागवून पहिलीची नक्कल छापायला सांगावी. पाठ्यपुस्तकाने गाळलेला धडा विद्यार्थ्यांना पडद्यावरच दिसेल.