पहिलं यंत्र घेताना मींड बघा
शिर्डीत पालखीपुढे ऑक्टापॅड ऐकला की नवशिक्याला वाटतं, पहिलं यंत्र हेच घ्यावं. मला ते पटत नाही. अभ्यासासाठी सध्या मुंबईच्या चरणजित सिंग यांचा १९८२चा 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' पुन्हा ऐकतोय. त्यातलं रोलँडचं टीबी-३०३ बनलं बासच्या साथीसाठी. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय त्यात होती, म्हणून ते रागाला मानवलं. टीआर-८०८चा ठेका मात्र दहाही रागांत जवळपास तोच. तिथे अल्बम कंटाळा आणतो. ठेका आज मोबाइलवरही आयता मिळतो. भजन-अभंगांवर वाढलेल्या कानाला मींड लागते, ती ऑक्टापॅडवर कुठून येणार? जुना, स्वस्तातला कीबोर्ड घ्या. फक्त डावीकडे पिच बेंडचं चाक आहे ना, तेवढं बघा.